असीरगडाचा अडसर आणि गोव्याची बचावफळी

बुऱ्हाणपूरहून खांडव्याच्या वाटेला लागले की सुमारे वीस किलोमीटरांवर सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर असीरगड दिसू लागतो. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांना या गडाच्या नजरेखालून जाण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून त्यास दक्खनचा दरवाजा म्हणत. असीरगड, कमरगड आणि मलयगड अशा तीन तटांची त्याची रचना आहे. पहिला तट पडला तरी दुसरा उभा राहावा आणि दुसरा डळमळला तरी तिसऱ्याने वेळ काढावा, हा तिच्यातला हिशेब. १६०० साली अकबराने बुऱ्हाणपूर घेतले. परंतु गडाखाली त्याच्या फौजेस महिनोनमहिने तिष्ठत राहावे लागले. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांताप्रमाणे गडाच्या शिबंदीत काही पोर्तुगीज गोलंदाजही होते, आणि आपल्या तोफा अपुऱ्या पडतात असे पाहून अकबराने चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मिळवून द्याव्यात म्हणून आपल्या छावणीतील पाद्र्यांना गळ घातली होती. ती मागणी मान्य झाली नाही. अखेर १६०१ च्या जानेवारीत गड त्याच्या हाती आला तो कसा, याविषयी बखरकारांत एकमत नाही. पाद्री लाच दिल्याचे सांगतात. अबुल फजल आतल्या रोगराईचा दाखला देतो. मुख्य गड शिड्या लावून कोणी सर केला, असे मात्र दोघांपैकी एकही म्हणत नाही.

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला म्हणजे गोव्यातील क्रीडापृष्ठांवर जी चर्चा चालते ती वाचताना आम्हांस हा गड पुन्हा पुन्हा आठवतो. कोणता परदेशी आघाडीपटू येणार, त्याच्या खात्यावर किती गोल आहेत, दहा क्रमांकाचा सदरा कोणास मिळणार, यांवर रकानेच्या रकाने भरतात. बचावफळीच्या वाट्यास शेवटचे दोन परिच्छेद येतात आणि तेही बहुधा दुखापतींच्या यादीपुरते. हंगाम संपल्यावर मात्र पराभवाचा पंचनामा त्याच फळीच्या दारात बसतो. ज्याची आधी विचारपूस केली नाही त्यास मागाहून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे. म्हणून हंगामाच्या उंबरठ्यावर या लेखापुरता आम्ही आघाडीचा विचार बाजूस ठेवतो आणि मागच्या चौघांकडे व त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या पाचव्याकडे, म्हणजे गोलरक्षकाकडे, पाहतो.

एफसी गोवा हा संघ २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मास आला. आकर्षक, चढाईचा, चेंडू पायांत खेळवणारा फुटबॉल ही त्याची ओळख आणि ती ओळख रास्तही आहे. २०१९-२० च्या हंगामात अठरा साखळी सामन्यांत त्याने ४६ गोल केले, साखळीत अग्रस्थान मिळवले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान पटकावला. पण त्याच हंगामाच्या उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून दोन सामन्यांत मिळून ६-५ असा तो पराभूत झाला. पाच गोल करूनही जो संघ बाहेर पडतो, त्याच्या आघाडीने आणखी काय करावयाचे होते?

हे एकदाच घडले असते तर आम्ही दैवास बोल लावून गप्प बसलो असतो. परंतु फातोर्ड्याच्या मैदानाची स्मरणवही उघडली तर एकाच दुखण्याची नोंद वारंवार सापडते. २० डिसेंबर २०१५. लीगचा अंतिम सामना, घरचे मैदान, घरचे प्रेक्षक. ८७ व्या मिनिटास जोफ्रेच्या फ्री किकने गोवा २-१ असा पुढे गेला. स्टेडियममध्ये जल्लोष सुरू झाला तो पुरता उतरण्यापूर्वीच चेन्नईयिनने बरोबरी साधली आणि जादा वेळेच्या दुसऱ्या मिनिटास मेंडोझाने चषक हिरावून नेला. २४ एप्रिल २०२४. उपांत्य फेरीचा पहिला सामना, प्रतिस्पर्धी मुंबई सिटी. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० असा पुढे होता. पंचांची अखेरची शिट्टी वाजली तेव्हा धावफलकावर २-३ होते. सहा-सात मिनिटांत तीन गोल! ६ एप्रिल २०२५. पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा फातोर्डा. बंगळुरूमधील ०-२ ची पिछाडी गोव्याने ८८ व्या मिनिटास भरून काढली, आणि त्यानंतर चारच मिनिटांनी सुनील छेत्रीच्या हेडरने सारे मुसळ केरात. मधल्या काळात, १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यातही बंगळुरूच्या राहुल भेकेने हेडरनेच गोल केला होता, तो ११७ व्या मिनिटाला, कॉर्नरवरून.

चार घाव आणि चारही अखेरच्या घटकेचे. या चार सामन्यांत प्रशिक्षक तीन वेगळे, बचावपटू बहुतांशी निरनिराळे, प्रतिस्पर्धीही तीन वेगळे. तेव्हा कोणा एकाचे नाव घेऊन मोकळे होता येणार नाही आणि तसे करण्याची आमची इच्छाही नाही. असीरगडाप्रमाणे येथेही तट बाहेरून पडला नाही. नव्वद मिनिटे तो उभाच होता. मग आतून काय झाले?

बचाव ही एकट्याची कला नव्हे. आघाडीपटू चुकला तर पुन्हा प्रयत्न करतो. दहांपैकी एक फटका जाळ्यात गेला तरी तो नायक ठरतो. बचावपटूने दहांपैकी नऊ वेळा चेंडू परतवला तर लोकांच्या लक्षात दहावी वेळ राहते. शिवाय त्याने काय करावे हे बऱ्याच अंशी त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असते. डावा स्टॉपर चेंडूवर धावला की उजव्याने त्याची पाठ सांभाळावयाची, दोन्ही कडांच्या बॅकनी आत सरकावयाचे आणि गोलरक्षकाने मागून हाक द्यावयाची. एक जण अर्धे पाऊल मागे राहिला की ऑफसाइडची रेषा मोडते. हे अर्धे पाऊल डोक्याने मोजता येत नाही. ते सवयीने पडते, आणि सवय एका उन्हाळ्यात लागत नाही. थकव्याच्या अखेरच्या मिनिटांत माणूस विचार करू शकत नाही, तेव्हा फक्त सवय उरते. ज्या फळीला एकमेकांची सवय नाही ती पंचाऐंशी मिनिटे बुद्धीवर खेळते आणि शेवटच्या पाच मिनिटांत उघडी पडते, असे आमचे मत आहे.

इटलीत यासाठी एक सुंदर शब्द होता: कातेनाच्चो. त्याचा अर्थ दाराचा अडसर. हेलेनिओ हेरेरा यांच्या इंटर मिलान संघाने १९६४ आणि १९६५ मध्ये युरोपीय चषक जिंकला तो या अडसराच्या बळावर. आम्हांस तो खेळ रुक्ष वाटतो हे कबूल केले पाहिजे. पण त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाने, एसी मिलानने, पुढे दाखवून दिले की बचाव रुक्ष असण्याचे काही कारण नाही. त्यांचे प्रशिक्षक अरिगो साक्की चेंडूच न देता संपूर्ण संघाकडून मैदानावर सरकण्याचा सराव करून घेत. तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता आणि मालदिनी ही फळी त्या शिस्तीत वर्षानुवर्षे एकत्र मुरली. साक्की गेल्यानंतर, १९९३-९४ च्या हंगामात, मिलानने ३४ सामन्यांत अवघे ३६ गोल केले आणि तरीही इटलीचे विजेतेपद मिळवले, कारण त्यांच्यावर झालेले गोल होते केवळ १५. त्याच वर्षी अथेन्समधील युरोपीय अंतिम सामन्यास बारेसी आणि कोस्ताकुर्ता हे दोन्ही स्तंभ निलंबनामुळे मुकले. बार्सिलोना सहज जिंकणार असे जगाने गृहीत धरले. मिलानने ४-० असा विजय मिळवला. माणसे बदलली तरी सवय शिल्लक राहिली होती, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो.

इटलीपर्यंत कशास जावे, आपल्या मातीतला कबड्डीचा खेळ हेच सांगतो. चढाई करणाऱ्याच्या नावाचा गजर होतो. पण कोपरारक्षकाने घोटा धरल्यावर शेजारच्या साखळीने त्याच क्षणी अंगावर झेप घेतली नाही तर ती पकड निसटते, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. व्यावसायिक कबड्डीत याचा ढळढळीत पुरावा मिळाला. इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई यास पुणेरी पलटणने दहाव्या हंगामासाठी २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतले. त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक गुण त्याने मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाना स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांस हरियानाकडे गेला. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी, तेही पुण्याच्या बालेवाडीत, अजिंक्यपद हरियानाने पटकावले. एका बचावपटूबरोबर चषकही या घरातून त्या घरात गेला. कबड्डीच्या लिलावकर्त्यांस जे उमगले ते फुटबॉलच्या सौदागरांस अद्याप पुरतेपणी उमगलेले नाही. (अमेरिकी धर्तीच्या फुटबॉलमध्ये तर पुढच्या ओळीतील धिप्पाड बचाववीरांचीही चर्चा होते. तो खेळ २०१२ मध्ये आपल्याकडे आणण्याचा एक प्रयोग झाला, त्यात पुण्याच्या नावाने ‘पुणे मराठाज’ हा संघही होता. पण ते रोप आपल्या मातीत रुजले नाही.)

गोव्याने मात्र हा धडा कधी गिरवलाच नाही, असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. १८८३ मध्ये शिवोलीस एका आयरिश पाद्र्याने, फादर विल्यम लायन्स यांनी, या भूमीत फुटबॉल आणला असे मानतात. त्यानंतर शंभर वर्षांनी गोव्याने संतोष चषकावर प्रथम नाव कोरले, आणि ते कसे? १९८२-८३ च्या स्पर्धेत, कलकत्त्यात, बंगालच्या संघाविरुद्ध, बंगालच्याच प्रेक्षकांसमोर अंतिम सामना ०-० असा सुटला. पुन्हा खेळवला. पुन्हा ०-०. दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. अंतिम लढतीत एकही गोल न करता गोव्याने आपला पहिला राष्ट्रीय चषक घरी आणला. त्या फळीच्या मागे ब्रह्मानंद शंखवाळकर उभे होते, भारताचे कर्णधारपद भूषविलेले आणि पुढे १९९७ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरलेले गोलरक्षक. पुढच्याच वर्षी मद्रासेत पंजाबविरुद्धच्या अंतिम सामन्यात गोव्यास एक गोल पुरला. मागचे दार बंद असले म्हणजे पुढे एक गोलही पुरतो.

त्या पिढीचे डेरिक परेरा, आणि त्यांच्यानंतर महेश गवळी व समीर नाईक ही नावे गोव्याच्या घराघरांत ठाऊक होती. धेंपो क्लबने २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंतच्या आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आर्मांदो कुलासो यांच्या त्या संघाचे कौतुक करताना रँटी मार्टिन्सचे गोल मोजण्याची प्रथा आहे. परंतु गवळी आणि नाईक ही गोमंतकीय जोडी क्लबमध्येही आणि भारताच्या संघातही त्या गोलांची राखण करीत होती, हे विसरून चालणार नाही. एकाच गावच्या वाऱ्यावर वाढलेली, एकाच भाषेत हाका मारणारी, वर्षांमागून वर्षे खांद्यास खांदा लावून उभी राहणारी ही माणसे. २००७ आणि २००९ साली भारताने नेहरू चषक जिंकला तेव्हाही हे दोघे त्या संघांत होते.

२०१६ च्या जूनमध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब दी गोवा या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून माघार घेतली. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली. तिच्यात एका गोष्टीचा उल्लेख क्वचितच झाला. ती गोष्ट म्हणजे स्टॉपर घडवणारी शाळाच बंद पडली. आघाडीचा चपळ पोरगा सतराव्या वर्षीही चमकू शकतो. स्टॉपर पंचविशीत शहाणा होतो, आणि त्यासाठी त्याला मधली सात-आठ वर्षे वरच्या पातळीवर चुका करण्याची मुभा लागते. ती मुभा देणारे तीन क्लब एका फटक्यात राष्ट्रीय मैदानावरून उठले. धेंपो क्लब २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, समीर नाईक यांच्याच मार्गदर्शनाखाली, याचे आम्हांस समाधान आहे. पण मधल्या आठ वर्षांत जे मुलगे पंचविशीस पोहोचले त्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर एफसी गोवाच्या नामावलीत शोधावे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, महामारीमुळे रिकाम्या असलेल्या फातोर्ड्यावर, गोव्याने आशियाई चॅम्पियन्स लीगमधील आपल्या पहिल्याच सामन्यात कतारच्या अल रय्यानला ०-० असे रोखले. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून लॉराँ ब्लाँ बसले होते, १९९८ चे विश्वविजेते आणि स्वतः नामांकित बचावपटू. तीन दिवसांनी अमिरातीच्या अल वहदाशीही ०-०. भारतीय क्लब फुटबॉलच्या इतिहासात बचावाचा इतका गौरवाचा आठवडा आम्हांस दुसरा आठवत नाही. त्या पथकात सेरिटन फर्नांडिस, सान्सन परेरा, सेव्हियर गामा हे गोमंतकीय होते, पण तिघेही कडांचे बॅक. मधोमध मात्र स्पेनचा इव्हान गोन्झालेस आणि ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाची. २०२३ पासून त्या जागी चंदिगडचा संदेश झिंगन आला, २०२० चा अर्जुन पुरस्कार विजेता आणि भारताचा कणखर स्टॉपर. त्याच्या जोडीस स्पेनचा ओडेई ओनाइंदिया. आम्ही प्रांतभेद मानणारे नाही, आणि झिंगनसारखा लढवय्या ज्या संघात असेल त्याने स्वतःस भाग्यवान समजावे. प्रश्न निराळा आहे. गोव्याची पोरे कडेकडेने पळतात, चेंडू सुंदर उचलून देतात, पण किल्ल्याच्या मध्यद्वाराशी उभी राहत नाहीत, किंवा त्यांस तेथे कोणी उभे करीत नाही. परदेशी खेळाडूंचा मर्यादित वाटा वापरताना क्लब दोन जागा आधी भरतात, आघाडीचा नेम आणि बचावाचा कणा. मग देशी पोराने कणा कोठे व्हावयाचे?

बुऱ्हाणपूरचाच आणखी एक दाखला येथे उपयोगी पडेल. १६८१ च्या प्रारंभी हंबीरराव मोहित्यांच्या मराठी फौजेने त्या संपन्न शहरावर झडप घातली. बहादूरपुरा आणि आसपासचे पुरे मराठ्यांनी धुऊन काढले. तटाच्या आतले शहर मात्र दरवाजे मिटून बचावले. फुटबॉलात दोन्ही कडा म्हणजे हे पुरे. तेथे प्रतिस्पर्ध्याने दहा वेळा मुसंडी मारली तरी मधली दोन माणसे जागची हलली नाहीत तर गोल होत नाही. आमच्या कडा बऱ्या आहेत. दरवाजा कोणाच्या हाती आहे, याची चिंता करावी अशी परिस्थिती आहे.

पुण्याचा जय गुप्ता हा २०२३ मध्ये पोर्तुगालहून परतून गोव्याकडे आला. डावीकडून झेपावणारा हा मराठी मुलखातला तरुण दोन वर्षांत संघाच्या रचनेचा भाग झाला, आणि २०२५ मध्ये ईस्ट बंगालकडे गेला. ओनाइंदियाही त्याच सुमारास गेला. खेळाडूने चांगल्या वेतनासाठी क्लब बदलावा यात गैर काही नाही. अल्पायुषी धंद्यात त्याने आपला संसार पाहावा हे उचितच. पण ज्या फळीने २०२५ च्या एप्रिलमध्ये चार मिनिटांत अंतिम फेरी घालवली तिला त्याच चौघांनिशी ती चूक निस्तरण्याची संधी मिळत नाही, हा या दरसाल मोडणाऱ्या आणि दरसाल नव्याने मांडल्या जाणाऱ्या बाजाराचा दोष आहे. चूक एका फळीची आणि तिची शिकवणी दुसरीला.

त्यात २०२५-२६ चे वर्ष सर्वांवर कडी करणारे निघाले. महासंघ आणि लीगचे व्यापारी भागीदार यांच्यातील पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपुष्टात येत होता आणि पुढे काय याचा निर्णय न झाल्याने जुलैतच हंगाम बेमुदत लांबणीवर पडला. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी वेतने रोखली. अखेर चौदा संघांची लीग १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू करण्यात आली ती एकेरी साखळीची, ९१ सामन्यांची, म्हणजे प्रत्येकास तेरा. आघाडीपटूची तंदुरुस्ती एकट्याने व्यायामशाळेत राखता येते. बचावफळीचा सराव एकट्याने करता येत नाही. काही प्रशिक्षक चौघांच्या कमरेस दोरी बांधून त्यांना एकत्र हलण्याची सवय लावतात. चौघे चार गावी बसले असतील तर दोरी कोणास बांधावी? हंगामाची तारीखच ठाऊक नसणे हा सर्वांवर अन्याय होता, पण मागच्या ओळीवर तो अधिक होता.

या सावटातही एक घटना अशी घडली की तिच्यामुळे आम्ही निराश नाही. २०२५ च्या मेमध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून एफसी गोवाने सुपर चषक जिंकला होता. तो राखण्याची वेळ त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी आली, फातोर्ड्यावर, ईस्ट बंगालविरुद्ध. ज्या मैदानावर २०१५ मध्ये, २०२४ मध्ये आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शेवटची मिनिटे विषारी ठरली होती, त्याच मैदानावर नव्वद मिनिटे झाली, नंतरची तीस झाली, आणि १२० मिनिटांनंतर धावफलक ०-० असा होता. पेनल्टींवर गोव्याने ६-५ अशी बाजी मारली. निर्णायक गोल साहिल तावोरा या गोमंतकीय खेळाडूने केला आणि दुसऱ्या दिवशी त्याचेच छायाचित्र सर्वत्र झळकले. ते योग्यच. परंतु त्या ०-० कडे आमचे लक्ष अधिक गेले. कलकत्त्यातील त्या दोन कोऱ्या फलकांनंतर बेचाळीस वर्षांहून अधिक काळाने बंगालच्याच एका संघासमोर गोव्याचे दार पुन्हा मिटलेले राहिले. स्पेनचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांचा लौकिक आक्रमक खेळाचा. तरी त्या रात्री त्यांच्या संघाने वाट पाहण्याची कला दाखवली, आणि वाट पाहणे हे बचावाचे अर्धे शास्त्र आहे.

तेव्हा नव्या हंगामाकडे पाहताना वाचकांनी कोणत्या गोष्टी टिपाव्यात? सरावसामन्यांतील गोल मोजू नयेत. सरावसामन्यांत प्रतिस्पर्धी दुबळा असतो आणि गोल स्वस्त असतात. मध्यभागी कोणती दोन माणसे सलग उतरवली जातात ते पाहावे. दर सामन्यास जोडी बदलत असेल तर प्रशिक्षकाचा निर्णय झालेला नाही, आणि लीगच्या पहिल्या महिन्यात त्याची किंमत द्यावी लागेल. गोलरक्षकाच्या ओरडण्याकडे कान द्यावा. हृतिक तिवारीसारखा गोव्यातच घडलेला गोलरक्षक आपल्या फळीशी किती बोलतो, हे दूरदर्शनच्या पडद्यावर कळत नाही. मैदानावर जाऊन गोलखांबामागच्या पायऱ्यांवर बसावे लागते. कॉर्नरच्या वेळी जवळच्या खांबाशी कोण उभा राहतो आणि दरवेळी तोच उभा राहतो का, हेही पाहण्यासारखे. भेकेचा २०१९ मधील गोल आणि छेत्रीचा २०२५ मधील गोल हे दोन्ही डोक्याने झाले होते. त्या दोन जखमा ज्या संघाने सोसल्या त्याने उंच चेंडूंचा सराव दररोज वेगळा वेळ काढून करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

क्लबच्या चालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. आघाडीपटूस एक वर्षाचा करार द्यावयाचा तर द्यावा. मधल्या दोन बचावपटूंस आणि गोलरक्षकास तीन वर्षांच्या खाली देऊ नये. राखीव संघात आणि अठरा वर्षांखालील संघात निदान दोन गोमंतकीय स्टॉपर तयार होत आहेत की नाहीत, याची विचारणा दर सहा महिन्यांनी व्हावी. ते सापडत नाहीत असे उत्तर आले तर म्हापशाच्या, कुंकळ्ळीच्या, काणकोणच्या मैदानांवर कोण पाहावयास गेले होते, हे विचारावे. भातकापणी झाल्यावर मोकळ्या शेतांत सामने रंगतात तेथे उंच, थोडा संथ, पण चेंडू कोठे पडणार हे आधी ओळखणारा एक तरी मुलगा असतो. त्याला बहुधा गोलात उभे करतात किंवा घरी पाठवतात. शेताच्या बांधावर उभे राहून त्याच्याकडे पाहणारा एखादा जाणता माणूस क्लबने पगारावर ठेवला तर तो खर्च एका परदेशी आघाडीपटूच्या विमानभाड्याहून फारसा अधिक होणार नाही.

फातोर्ड्याच्या फलकावर नव्या हंगामातील पहिल्या घरच्या सामन्याची ८५ मिनिटे लागतील तेव्हा आमची नजर चेंडूवर नसेल. ती मागच्या चौघांमधल्या अंतरावर असेल.